खिशातला उजवा हात

पिस्तूल नेमबाजीत ज्या हाताला काम नसतं तो खिशात ठेवतात. कमरेच्या पट्ट्यात अडकवला तरी चालतं. मोकळा सोडला तर तो हलतो, त्याच्याबरोबर खांदा हलतो आणि दहा मीटरवरच्या कागदावर ते उमटतं. माझी पत्नी बरीच वर्षं डावा हात खिशात ठेवून उजव्याने नेम धरत होती. गेल्या वर्षी तिला हात बदलावे लागले.

ती अंबरनाथच्या एमआयडीसीत, मोरिवलीला लागून असलेल्या एका रसायनांच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये होती. निवृत्त झाली तेव्हा लॅबची प्रमुख होती. मी एका दैनिकात बातमीदार होतो, नंतर डेस्कवर. आता पुरवणीचा मजकूर घरी बसून तपासतो. राहायला आम्ही बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्यात. मुलगी नोकरीमुळे परगावी असते.

पिस्तूल आमच्या घरात मुलीमुळेच आलं. एमआयडीसीतल्या एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर एअर पिस्तुलाची रेंज निघाली, तेव्हा सुट्टीच्या शिबिरात मुलीचं नाव घातलं होतं. मुलीने शिबिर संपायच्या आत सोडलं. आईने उरलेले दिवस वाया जाऊ नयेत म्हणून जायला सुरुवात केली आणि मग ती जातच राहिली. खालच्या गाळ्यात प्लास्टिकची झाकणं करणारं मशीन आहे. ते चालू असलं की वरची फरशी पायाला जाणवेल इतपत थरथरते. एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी. म्हणून शुक्रवार हा तिचा सरावाचा दिवस. इतर दिवशीही जायची, पण शुक्रवारची कार्डं, म्हणजे भोकं पडलेले लक्ष्याचे कागद, तेवढी घरी आणून दाखवायची.

आजार आधी रेंजवर दिसला नाही, घरी दिसला. संध्याकाळी टीव्हीसमोर बसलेली असताना तिच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरत होती. कापसाची वात वळावी तशी. मी म्हटलं, "काय करतेस?"

"कुठे काय?" तिने हाताकडे पाहिलं. हात थांबला. तिने नजर वळवली आणि बोटं पुन्हा वात वळू लागली.

उल्हासनगरच्या डॉक्टरांनी तपासलं. त्यांनी तिला खोलीत चालायला लावलं, बोटांची उघडझाप करायला लावली, कागदावर गोल गोल वळणं काढायला सांगितली. वळणं बाहेरून आत जाताना लहान होत गेली आणि मध्ये एका ठिपक्यात अडकली. ते म्हणाले, कंपवात. पार्किन्सन. एका बाजूने सुरू होतो. गोळ्यांनी बरीच वर्षं चांगली जातात. दुसऱ्या बाजूला नंतर येतो.

मी विचारलं, "नंतर म्हणजे साधारण किती?"

"सांगता येत नाही."

प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा विचारण्याची मला सवय आहे. मी तो आणखी दोनदा विचारला. डॉक्टरांनी दोन्ही वेळा न चिडता तेच उत्तर दिलं. बाहेर आल्यावर पत्नी म्हणाली, "अहो बातमीदार, ते आरोपी नव्हते." मग रिक्षात बसल्यावर, "म्हणजे डाव्याला अजून मुदत आहे."

हा आजार हात स्वस्थ असताना थरथरवतो. काम सुरू केलं की थरथर जरा मागे हटते. त्यामुळे पहिल्या शुक्रवारी तिला वाटलं, नेम धरताना काही होणार नाही. तिने पिस्तूल उचललं, हात लांब केला. हात स्थिर होता. तिने श्वास सोडला, ट्रिगरवर बोट आणलं, आणि तिथे, नेमकी शांतता हवी असते त्या जागी, थरथर परत आली. जणू दाराबाहेर थांबून होती. तिने पिस्तूल खाली केलं, पुन्हा उचललं. पुन्हा तेच. शॉट घाईने मारला तर काळ्या वर्तुळाबाहेर जायचा, थांबून मारला तर आणखी बाहेर.

रेंजचा कोच पालेगावचा. तिशीतला. घरची भातशेती होती तिथे आता टॉवर उभे आहेत आणि त्यांपैकी एकात तो राहतो. तिला तो मॅडम म्हणतो, मला काका. त्याने तिची कार्डं पाहिली, मग तिच्याकडे पाहिलं. तिने स्वतःच सांगितलं, आजाराच्या नावासकट.

"मग मॅडम," तो म्हणाला, "आपण डाव्याला बालवाडीत घालू. टेन्शन नहीं लेने का."

"बालवाडी किती वर्षांची?"

"ते पोरावर असतं."

"पोराला वेळ नाहीये," ती म्हणाली. "मला एक मॅच हवीय. एकच. डाव्या हाताने, पहिल्या शॉटपासून शेवटच्यापर्यंत. मार्क कितीही पडू देत. पण पूर्ण."

मॅच म्हणजे साठ शॉट, सव्वा तासात. आसपासच्या क्लबांची एक स्पर्धा दरवर्षी याच गाळ्यात होते. कोच म्हणाला, त्या स्पर्धेत उतरू. माझ्यासमोर हे ठरलं. त्यानंतर आमच्या घरात आणि त्या गाळ्यात जे काही झालं ते या एका मॅचसाठी झालं.

कोचने सांगितलेला नियम सोपा होता. उठल्यापासून झोपेपर्यंत सगळं डाव्याने. दात घासणं, कुलूप उघडणं, कणीक मळणं, फोनवर बोट फिरवणं. ब्रश हिरड्यांत घुसायचा. पोळ्यांना कोपरे आले. ती म्हणायची, "खा. पोळीला चार बाजू असू नयेत असं कुठे लिहिलंय?" दुपारी ती हॉलच्या मोकळ्या भिंतीसमोर उभी राहायची, डावा पाय पुढे, डावा खांदा भिंतीकडे, आणि पाण्याने भरलेली बाटली हात लांब करून धरायची. नंतर बाटलीऐवजी रिकामं पिस्तूल. भिंतीवर काहीच नसायचं, लक्ष्यसुद्धा नाही. पांढऱ्या भिंतीवर पिस्तुलाची पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा बारीक खुंट, आणि मागची खाच एका रेषेत ठेवायची आणि ती न हलवता ट्रिगर दाबायचा, एवढाच अभ्यास. सुरुवातीला डावा हात हवेत आठचा आकडा काढायचा. नेम धरताना तिचा डोळा उजवाच होता, तो काही बदलता आला नाही. त्यामुळे मान जास्त वळवावी लागायची आणि रात्री मानेला शेक.

पण ट्रिगर लवकर जमला. त्याचं कारण तिनेच एकदा सांगितलं. लॅबमध्ये टायट्रेशन करताना उजव्या हाताने चंबू हलवत ठेवायचा असतो आणि ब्युरेटची तोटी डाव्या हातात असते. द्रव थेंब थेंब सोडायचा, मग अर्धा थेंब. एका थेंबाने चंबूतलं पाणी फिकट गुलाबी होतं, पुढच्या थेंबाने सगळी चाचणी फुकट. "उजवा नुसता घुसळायचा," ती म्हणाली. "अक्कल डाव्याकडे होती. मला इतकी वर्षं कळलं नाही." कोचला हे सांगितल्यावर त्याने 'शाब्बास' म्हणायच्या आवाजात 'गुलाबी' म्हणायला सुरुवात केली. शॉट चांगला सुटला की गाळ्यात आवाज यायचा, "मॅडम, गुलाबी!"

त्याच दिवसांत आमच्या सोसायटीत सत्यनारायण होता. तीर्थप्रसादाला रांग लागली. हिने सवयीने डावा तळवा पुढे केला. गुरुजींनी पळी वरच धरली.

"उजवा, वहिनी."

"हो, हो." तिने उजवा पुढे केला. तो थरथरत होता. गुरुजींनी तीर्थ सोडलं, ते तळव्यात टिकलं नाही, साडीवर सांडलं. मागच्या शेजारीणबाई हसून म्हणाल्या, "अगंबाई, थंडी वाजतेय की काय? आणि हे डावं उजवं काय लावलंयस मघापासून? मोदकसुद्धा डाव्याने उचललास."

"डाव्याला पण पुण्य लागू दे की," ही म्हणाली.

बायका हसल्या. सोसायटीत तेव्हा कुणाला आजाराचं माहीत नव्हतं. गुरुजींनी दुसऱ्यांदा पळी भरली. मी मागे उभा होतो, माझ्या हातात प्रसादाचा द्रोण होता. तिने ओला उजवा तळवा डोळ्यांना लावला, डोक्यावरून फिरवला आणि पदराखाली घेतला. घरी आल्यावर म्हणाली, "देवाला चालतं. रांगेला चालत नाही."

डाव्या हाताला स्वतःची मूठ हवी होती. पिस्तुलाची मूठ लाकडी असते आणि ती एकाच हाताची असते. उजव्याची मूठ डाव्यात बसत नाही. तिची जुनी मूठ तर विकत आणलेल्या रूपात राहिलीच नव्हती. जिथे बोचायचं तिथे तिने कानस चालवली होती, जिथे पोकळ लागायचं तिथे लाकडाच्या भेगा भरायची लांबी थापली होती. अनेक वर्षांत ती मूठ म्हणजे तिच्या उजव्या तळव्याचा साचा झाली होती. डावी मूठ बाहेरून मागवली तर केव्हा येईल ते विक्रेताही सांगेना. मग कोच म्हणाला, "उल्हासनगरला जाऊ. तिथे विमानपण बनवून देतील."

फर्निचरच्या बाजारात एका सिंधी मालकाच्या दुकानामागे कारखाना होता. मालकाने मूठ हातात घेतली, नाकाजवळ नेली, लाकूड हुंगलं.

"अक्रोड है. मैं सागवान में देगा. जैसा है वैसा, बस उल्टा?"

"हां, उलटा," पत्नी म्हणाली. "लेफ्ट हँड का."

"मॅडम, आप पीस छोड के जाओ. एक धागे का फरक निघाला तर उचलून फेका माझ्या तोंडावर."

"तोंडावर कशाला. मैं वापस ले आऊंगी."

"वापस कोई नहीं लाता, साईं. पूछो मार्केट में."

आठवड्याने मूठ मिळाली. सागवान, गुळगुळीत पॉलिश. त्याने शब्द पाळला होता. प्रत्येक खळगा होता, प्रत्येक उंचवटा होता. उजव्या करंगळीजवळ हाड वाढलंय म्हणून तिने तिथे खोल घासलं होतं, तो खळगा डावीकडे तंतोतंत आला होता, जिथे तिला तसं हाड नाही. लांबीचे थरसुद्धा त्याने लाकडात कोरले होते, वर तिच्या बोटांचे ठसे होते तेही. तळाशी तिने कधीतरी पिनेने स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर ओरखडलं होतं. ते उलटं आलं होतं, आरशात दिसावं तसं.

तिने मूठ डाव्या हातात घेतली. बसली नाही. ती हसायला लागली, आणि बराच वेळ हसत राहिली.

"अहो, यांनी माझा उजवा हातच करून दिलाय. डावीकडे लावायला."

मालक अभिमानाने उभा होता. "बोला होता ना, मॅडम?"

त्याच्या कामात चूक दाखवण्यासारखी नव्हती. तिने जे मागितलं ते त्याने दिलं होतं. ती मूठ घेऊन घरी आली आणि कानस काढली. खळगे भरायचे, उंचवटे घालवायचे, हे काम महिनाभर चाललं. कानस डाव्या हातात, मूठ उजव्या हाताखाली टेबलावर दाबलेली. दाबणारा हात हलायचा. शेवटी तिने मूठ शिलाई मशीनच्या पायाला दोरीने बांधली आणि उजव्याला मोकळं केलं.

पेलेटचं मी अजून सांगितलं नाही. वर्तमानपत्रात आम्ही छर्रा लिहायचो, रेंजवर पेलेटच म्हणतात. शिशाचा, मसुरीच्या दाण्याएवढा, कमरेत बारीक. पुढची बाजू सपाट, मागची पोकळ. दर शॉटला एक. पिस्तुलाची मागची कळ उचलायची, उघडलेल्या खोबणीत पेलेट सपाट तोंड पुढे करून ठेवायचा, बोटाने आत सारायचा, कळ बंद करायची. ज्या हातात पिस्तूल नाही त्या हाताचं हे काम. म्हणजे आता उजव्याचं.

सुरुवातीला उजवा ते करत होता. हळू, पण करत होता. एका शुक्रवारी दोन पेलेट फरशीवर पडले. ती वाकली, आणि उठून पुन्हा उभी राहीपर्यंत डाव्या हाताची पकड सुटली. कोच म्हणाला, "मॅडम, लक्ष तुटतंय. डाव्याला शिकू द्या आधी. काका आहेत ना? काका भरतील."

मी भरू लागलो. तिच्या उजवीकडे स्टुलावर बसायचो. शॉट झाला की ती पिस्तूल कठड्यावर टेकवायची, मी कळ उचलून पेलेट घालायचो, बंद करायचो. बटण दाबून कार्ड मागे आणणं, बदलणं, पुन्हा पाठवणं हेही माझ्याकडे आलं. घरात कुणी आजारी पडलं की आपण त्याच्या हातातली कामं काढून घेतो. भांडं घेतो, पिशवी घेतो, सुईत दोरा ओवून देतो. हे कुणी शिकवावं लागत नाही. आम्ही तिघांनीही तेच केलं, एकमेकांना न विचारता. तिला बरं वाटत होतं, कोचला कार्डं सुधारताना दिसत होती. मलाही त्या गाळ्यात पहिल्यांदाच काहीतरी काम होतं.

डावा हात शिकला. पावसाळा सरला तेव्हा त्याने हवेत आठ काढणं सोडलं होतं. दिवाळीनंतर कार्डांवरची भोकं काळ्या वर्तुळातून बाहेर जाईनाशी झाली, मग मध्याकडे गोळा होऊ लागली. कोच कार्ड उजेडाकडे धरून म्हणायचा, "काका, हे मॅडमच्या उजव्याचं कार्ड म्हणून दाखवलं तर कुणी ओळखेल?" मी म्हणायचो, नाही. तेवढ्या महिन्यांत उजव्याने घरातही काही केलं नाही, रेंजवरही नाही. तो खिशात असायचा. गोळ्यांची वेळ झाली की डावा हात गोळी काढायचा. उजव्याकडे पाहायचं कुणालाच कारण नव्हतं.

स्पर्धा रविवारी होती. शुक्रवार सुट्टीचा, म्हणून रविवारी एमआयडीसी चालू असते. खाली झाकणांचं मशीन सुरू होतं. कल्याणहून एक वयस्कर रेंज ऑफिसर आले होते, पांढरे कॅनव्हासचे बूट घातलेले, सगळ्यांना अहोजाहो करणारे. आम्हा प्रेक्षकांना त्यांनी पांढऱ्या दोरीमागे बसवलं आणि नियम वाचून दाखवले. फायरिंग लाइनवर फक्त खेळाडू. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, कोणतीही मदत नाही. हे नियम मला पाठ होते. तिला माझ्याहून पाठ होते.

नेमबाज उभे राहिले. ती कडेच्या लेनमध्ये होती, पाठमोरी. तिच्या कठड्यावर पेलेटचा गोल डबा उघडा होता. सरावाच्या शॉटची वेळ सुरू झाली. तिने डाव्या हातात पिस्तूल घेतलं, उजवा हात खिशातून काढला आणि डब्याकडे नेला.

कोच माझ्या शेजारी बसला होता. तो पुटपुटला, "काका. पेलेट."

तेवढंच म्हणाला. आज भरायचं तिलाच होतं.

तिची बोटं डब्यात शिरली आणि तिथेच राहिली. मग एक पेलेट उचलला गेला. तो खोबणीपर्यंत पोहोचला नाही, फरशीवर टिकटिकत गेला. दुसरा पोहोचला, पण आडवा बसला. बोटाने सरळ करायला गेली तसा तोही पडला. औषधाची गोळी तिने वेळेवर घेतलेली मी पाहिली होती. ही थरथर नव्हती. थरथर त्या क्षणी कमीच होती. बोटं मंद झाली होती. तिने सांगितलेलं त्यांना ऐकू जात होतं, पण उशिरा, आणि अर्धवट. हे आठवड्याभरात होत नाही. महिन्यांत झालं होतं, खिशात.

तिसरा पेलेट बसला. तिने हात उचलला, थांबली, शॉट सुटला. मी तिच्या खांद्याकडे पाहत होतो आणि तो हलला नाही. कार्ड मागे आलं. मी बसलो होतो तिथूनही भोक दिसत होतं. मधोमध होतं. कोच श्वासाबरोबर म्हणाला, "गुलाबी."

स्पर्धेचे शॉट सुरू झाले. बाकीच्या लेनमध्ये कार्डं जात येत होती. तिच्या लेनमध्ये पेलेट पडत होते. मशीनचा ठोका फरशीतून यायचा, त्यावर शिशाचा बारीक आवाज. शेजारच्या लेनमधल्या तरुण मुलीने एकदा खाली पाहिलं, पाय जरा आवरून घेतला आणि पुन्हा नेम धरला. नियमाप्रमाणे तिने बरोबर केलं.

कोच उठला आणि दोरीच्या कडेने रेंज ऑफिसरांपर्यंत गेला. दोघं हळू आवाजात बोलले, पण मी जवळ होतो.

"सर, त्यांना पार्किन्सन आहे. फक्त लोडिंगला एक माणूस?"

"या गटात नाही देता येत."

"सर, सगळे घरचेच क्लब आहेत. कुणी ऑब्जेक्शन नाही घेणार."

"मी आहे ना." ते तिच्याकडे पाहत होते. "दिव्यांगांचा गट वेगळा असतो. त्याला आधी तपासणी, वर्गीकरण. आज इथे काही करता येणार नाही."

"सर, बघा ना त्यांच्याकडे."

"बघतोय," ते म्हणाले.

कोच परत येऊन बसला. तेवढ्यात तिने डब्याला हात लावला आणि डबा कलंडला. पेलेट कठड्यावर पसरले, काही खाली गेले.  मग तिने पिस्तूल कठड्यावर ठेवलं, उजवा हात खिशात घातला आणि सगळं डाव्याने करायला सुरुवात केली. पसरलेल्यांतला एक पेलेट उचलायचा, कठड्यावर पडलेल्या पिस्तुलाची कळ उचलायची, पेलेट घालायचा, कळ बंद करायची. मग त्याच हाताने मूठ पकडायची, पकड नीट बसवायची, उचलायचं, शॉट. मग पिस्तूल ठेवायचं, बटण, कार्ड काढायचं, नवं लावायचं, बटण. जो हात फक्त एक काम शिकला होता त्याला आता सगळी कामं होती. तरी कार्डं चांगली येत होती. ती जितकी चांगली येत होती तितकं बसून पाहणं कठीण होतं.

मला पाठीमागून तिचा खिसा दिसत होता. खिशाचं कापड आतून हलत होतं. काम नसलेला हात स्वस्थ बसला की थरथरतो, हे मी वर सांगितलं आहे.

आयुष्यभर मी दोरीच्या या बाजूला बसलो. जे घडतं ते पाहायचं, हात लावायचा नाही, नंतर बरोबर लिहायचं, हे माझं काम होतं आणि त्यात मला कधी अडचण आली नाही. त्या दिवशी माझ्यापासून काही पावलांवर एक उघडी खोबणी होती. ती भरायला मला एक क्षण लागला असता. बोटांना अंतर पाठ होतं. मांडीवर ठेवलेला माझा अंगठा दर वेळी आपोआप पुढे सरत होता.

बाकीचे एकेक करून संपवत गेले. पिस्तुलं पेट्यांत गेली. शेवटी लाइनवर ती एकटी होती. तिने घाई केली नाही. घाईने शॉट मारून आकडा पुरा करणं शक्य होतं, कदाचित. तिने ते केलं नाही. दर वेळी हात उचलला, थांबली, नीट झालं नाही तर खाली केला, पुन्हा उचलला. डावा दंड आता थकलेला दिसत होता. रेंज ऑफिसरांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "स्टॉप."

तिच्या हातात भरलेलं पिस्तूल होतं. तिने ते खाली केलं. ऑफिसर पुढे गेले आणि त्यांनी सांगितल्याप्रमाणे तिने ते सुरक्षित केलं. कठड्यावर कोऱ्या कार्डांचा गठ्ठा शिल्लक होता, पातळ नव्हता.

मी दोरी ओलांडायला उठलो, पण माझ्याआधी ऑफिसर खाली बसले होते. गुडघे टेकून ते फरशीवरचे पेलेट वेचत होते.

"सर, राहू द्या ना," ती म्हणाली.

"आता चालतं," ते म्हणाले. "आता मॅच संपली."

त्यांनी ओंजळभर पेलेट डब्यात घातले, झाकण लावलं आणि डबा तिच्यापुढे धरला. तिने तो डाव्या हाताने घेतला.

आम्ही स्कूटरवरून घरी आलो. मोरिवलीचा रस्ता, मग बदलापूर. वाटेत ती एकदाच बोलली. "मारलेले सगळे बरे होते ना?"

"हो."

"सगळे?"

"सगळे काळ्यात होते."

"मग बालवाडी पास," ती म्हणाली. सिग्नल सुटला.

घरी मी चहा केला. ती कपडे न बदलता खुर्चीत बसली होती, स्पर्धेचीच पँट, खिशात उजवा हात. तिने डाव्या हाताने कप उचलला. मी समोर बसलो होतो. कपातल्या चहावर बारीक कडी उमटली, कडेला गेली, पुन्हा उमटली. तिने घोट घेतला नाही. कप बशीत ठेवला तेव्हा आवाज झाला.

"दमलाय तो," ती म्हणाली.

"हो. खूप काम केलं त्याने."

"दमल्यावर कुणाचाही हलतो."

"हो."

ती माझ्याकडे पाहत होती आणि मी तिच्या हाताकडे. हात आता टेबलावर होता, स्वस्थ. अंगठा आणि तर्जनी जवळ होती. ती बोटं हलली की नाही हे मला नक्की सांगता येणार नाही. टेबलाचा एक पाय आखूड आहे आणि बाहेरून ट्रक जात होता. डॉक्टरांना विचारता आलं असतं. त्यांचं उत्तर मला माहीत होतं.

तिने डावा हात उचलला आणि दुसऱ्या खिशात घातला.

"अहो बातमीदार," ती म्हणाली, "बघत काय बसलात? चहा गार होतोय."

मी माझ्या कपाला हात लावला नाही. तिचा कप उचलून तिच्या ओठांपर्यंत न्यायचा की तसाच ठेवायचा, यातलं कोणतं बरोबर, हे मी त्या दिवशी सकाळपर्यंत तिला न विचारता सांगितलं असतं. दोन्ही कप टेबलावर होते. थोड्या वेळाने त्यांवर साय धरली.